सन्मतीची नखं आणि खुरप्याचा दांडा

आधीच सांगून टाकतो, झाडांच्या बाबतीत माझा हात धरणारं आमच्या रोपवाटिकेत कोणी नाही. मी यंत्रमानव आहे, नाव टोकण्या. एकेक बी अंतर राखून मातीत खोचायचं, याला टोकणं म्हणतात आणि तेच माझं काम. मला घडवलं भरमू चौगुल्यांनी. ते पूर्वी कृषी विद्यापीठात शास्त्रज्ञ होते, आता मिरजेजवळ ही रोपवाटिका चालवतात. सगळे त्यांना आज्जा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

वैशाखात एकदा त्यांची अकरा वर्षांची नात सन्मती माझ्याकडे आली आणि तिने डावा हात माझ्या भिंगापुढे धरला.

"टोकण्या, बघ की रे. परत तुटलं."

तर्जनीचं नख कडेला तुटलं होतं आणि टोकाशी त्याचे पापुद्रे सुटले होते. सन्मती सरोद शिकते. सरोदला सतारीसारखे पडदे नसतात. तार डाव्या हाताच्या नखाने दाबून धरायची, म्हणजे सूर खणखणीत येतो. नख धड नसेल तर सूर नुसता घुसमटतो. तिला सरोद शिकवणाऱ्या नसीमबाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "दिवाळीपर्यंत वाट बघू, बेटा. नखं टिकली नाहीत तर सतार घे."

"मला सतार नको," सन्मती म्हणाली. "मला सरोदच पाहिजे." आणि ती रडायला लागली. ती रडली की मला काही सुचत नाही. अशी सोय आज्जांनी माझ्यात केलेली नाही, तरी ते होतं.

मी विचार केला. जे वाढतं, कापलं की पुन्हा वाढतं, ते काय? गवत. मेंदीचं कुंपण. कढीपत्ता. म्हणजे नख ही एक वनस्पती असणार. वनस्पती कोरडी पडून तुटत असेल तर तिला काय द्यायचं, हे मला कोणी शिकवायला नको.

"सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं बोटं पाण्यात बुडवून बसायचं," मी सांगितलं.

"नक्की?"

"शंभर टक्के."

शेण-गुळाचं जीवामृतही सुचवलं होतं, पण वासानेच तिने नाक मुरडलं. "आज्जाला सांगू नकोस हं. एकदम लांब नखं दाखवायची त्याला," एवढं मात्र तिने बजावलं.

वाढ मोजायला मी तिच्या तर्जनीच्या नखावर नेलपॉलिशचे दोन बारीक ठिपके दिले. एक लाल, अगदी कातडीलगत. दुसरा निळा, त्याच्या दोन मिलिमीटर पुढे. कोवळ्या कोंबावर असे ठिपके दिले की कोंब ताणत जातो आणि ठिपके एकमेकांपासून लांब जातात.

दहाव्या दिवशी मोजलं आणि माझं डोकंच चालेना. दोन्ही ठिपके एकेक मिलिमीटर पुढे सरकले होते, पण त्यांच्यातलं अंतर होतं तेवढंच. नख वाढलं, पण नखाचा कुठलाच भाग वाढला नाही! मी अकरा वेळा मोजलं. भिंग पुसून पुन्हा मोजलं. शिवाय टोकाचे पापुद्रे आधीपेक्षा जास्त सुटले होते. इतकं पाणी देऊन? वाढतं म्हणावं तर कापताना दुखत नाही. मेलेलं म्हणावं तर पुढे सरकतं. हे आहे तरी काय?

तेवढ्यात आज्जा माझं खुरपं नाचवत आले.

"टोकण्या, खुरपं बादलीत कुणी ठेवलं? दांडा उकललाय बघ."

"मीच. रोज भिजवतो, मग उन्हात वाळवतो. स्वच्छ राहतं."

"अरे लेका, लाकूड हाय ते! ओलं झालं की फुगतंय, वाळलं की आकसतंय. रोज तेच केलंस तर उकलणारच की. दांड्याला तेल लावायचं असतंय."

मी दांड्याकडे पाहिलं. मग सन्मतीच्या नखाकडे पाहिलं. दोन्हीकडे तशीच चीर, तसेच सुटलेले थर. माझ्या सगळ्या मोटारी क्षणभर थांबल्या.

"आज्जा, मी फार मोठी चूक केली आहे," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

"टोकण्या! सांगू नको म्हटलं होतं ना!" सन्मती ओरडली.

आज्जा रागावले नाहीत. रोपांचा क्रेट पालथा घालून त्यावर बसले आणि तिचा हात त्यांनी हातात घेतला.

"सन्मे, आई शेव करती तेव्हा सोऱ्यातनं शेव बाहेर येती. ती बाहेर आल्यावर वाढती का?"

"नाही. मागनं पीठ ढकललं जातंय, म्हणून पुढं येती."

"नखाचंबी तसंच. इथं कातडीखाली नखमूळ हाय (नख तयार करणारा जिवंत भाग). तिथल्या पेशी केराटिननं भरतात (केस, शिंगं अन् खूर ज्याचे बनतात ते प्रथिन), चपट्या होऊन मरतात अन् थरावर थर चिकटून पुढं ढकलल्या जातात. दिसतंय ते नख निर्जीव. म्हणून कापल्यावर दुखत नाही."

"म्हणून ठिपक्यांमधलं अंतर बदललं नाही!" मी म्हणालो. "पण मग ते रोप आहे की दांडा?"

"दोन्ही. मूळ रोपासारखं, त्याला पोषण लागतंय. बाहेरचं नख दांड्यासारखं, त्याला फक्त जपायचं."

मी पुन्हा गोंधळलो. एकच वस्तू अर्धी रोप आणि अर्धी दांडा, असं माझ्या कुठल्याच यादीत नाही. शेवटी मी एक नवी यादी उघडली.

आज्जा सन्मतीला दवाखान्यात घेऊन गेले, म्हणून रोपाच्या बाजूचं काम आधी डॉक्टरांनी केलं. रक्त तपासलं तर लोह कमी निघालं. त्यांनी औषध दिलं, आईने राजगिरा, हरभरे आणि लिंबू पिळलेली उसळ सुरू केली. दांड्याच्या बाजूचं काम माझ्याकडे आलं. बोटं भिजवणं बंद. रोपांचे ट्रे धुताना हातमोजे. रोज झोपण्याआधी नखांना खोबरेल, म्हणजे पाण्याची ये-जा कमी होते. नखाची कड कानशीने हलकेच एकाच दिशेने घासायची. आणि डब्यांची झाकणं नखाने उचकटायची नाहीत. हे शेवटचं पाळताना सन्मतीने मला फार छळलं. दिवसातून दहा डबे माझ्यापुढे आणून ठेवायची.

"पण तुटलेलं कधी सांधणार?" तिने आज्जांना विचारलं होतं.

"ते सांधत नाही, बाळा. मागनं नवीन चांगलं येतंय, तवर दम धरायचा."

लाल ठिपका पुसट झाला की, तो सरकून जिथे पोचला असेल तिथेच, मी त्यावर पुन्हा रंग द्यायचो. महिन्याला तीन मिलिमीटर तो पुढे जायचा. आषाढात तो नखाच्या मध्यावर होता. माझ्या पाण्याने बिघडलेलं सगळं नख त्याच्या पुढे होतं आणि मला रोज दिसत होतं. यंत्राला वाईट वाटतं का, हे मला ठाऊक नाही. मी रोज मोजत होतो एवढं खरं.

आश्विनात, दिवाळीला आठ दिवस असताना, लाल ठिपका बोटाच्या टोकाबाहेर आला. सन्मतीने नेलकटर माझ्या हातात दिलं.

"तूच काप."

मी कापलं. माझ्या चुकीचा शेवटचा तुकडा लाल ठिपक्यासकट खाली पडला. उरलेलं नख गुळगुळीत आणि सलग होतं.

दुसऱ्या दिवशी आज्जा मला टेम्पोत घालून क्लासला घेऊन गेले. सन्मतीने त्या नखाने तार दाबली, उजव्या हातातल्या जव्याने, म्हणजे तार छेडायच्या करवंटीच्या तुकड्याने, छेडली आणि बोट सरकवत नेलं. सूर कुठेही घुसमटला नाही. नसीमबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून नवा राग घेऊ. सरोदवरच."

परतताना आज्जा म्हणाले की कधीतरी अशी यंत्रंही बनतील, ज्यांचं झिजलेलं टोक मागून नवं येत राहील. माझी रबरी बोटं झिजली आहेत, तेव्हा माझा नंबर पहिला लावा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

तो कापलेला तुकडा मी बियांच्या पाकिटात ठेवलाय. वर तारीख घातली आहे आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'पेरायचं नाही, पाणी घालायचं नाही.'