बाराच्या नळाची ऊब

आठवी राखपिसी मेली, तेव्हा तिच्या पोटाखालच्या अंड्यांचं तापमान अगदी बिनचूक होतं. साडेसदतीस अंश. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही.

डॉ. कुमुदिनी गावंडे यांनी ती मेलेली कोंबडी काट्यावर ठेवली. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे अकोल्यातल्या फ्लॅटची काचा लावून बंद केलेली गॅलरी. निवृत्तीनंतर तिथे एक टेबल, एक जुनी उबपेटी आणि कोपऱ्यात कोंबड्यांची जाळी, एवढाच संसार होता.

"नुसती पिसं उरलीत रे," त्या म्हणाल्या. "दाणे कुठे होते?"

"चोचीपुढे. पाणीसुद्धा. ढुंकून पाहिलं नाही तिनं." शार्दूल तायडे खुर्चीत बसला. तो एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी. घरोघरी वापरायच्या उबपेट्या आता तोच बनवत असे. "मॅडम, एकदा अंड्यांवर खुडूक बसल्या की मरेपर्यंत उठत नाहीत. आठच्या आठ."

पंखज्वराच्या साथीत राखपिसी ही जात नामशेष झाली होती. शीतपेढीत जपून ठेवलेल्या बीजपेशींतून शार्दूलने ती पुन्हा उभी केली. त्यातून नऊ माद्या मिळाल्या. आठ त्याच्या नव्या पेट्यांमधून निघालेल्या, आणि एक, भुरी, कुमुदिनीबाईंच्या या जुन्या पेटीतून. या पेटीचा निकाल सगळ्यांत वाईट लागला होता. डझनभर अंड्यांतून दोनच पिल्लं निघाली, त्यातला एक कोंबडा. ही जात पुन्हा मेळघाटातल्या गावांत सोडायची, तर कोंबडीने स्वतःची अंडी स्वतः उबवायला हवी होती. तिथे ना विजेचा भरवसा, ना पेटीचा.

आणि काल संध्याकाळी भुरीही खुडूक बसली होती. तिच्यामागे एकही मादी उरली नव्हती.

"माझी आई मेळघाटच्या पायथ्याशी राखपिश्याच पाळायची," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "खुडूक कोंबडी रोज चारच्या सुमाराला उठायची. खायची, मातीत लोळायची, अंडी जरा निवली की परत जाऊन बसायची. आई म्हणायची, तिला कळतं कधी उठायचं ते. मी इतकी वर्षं भ्रूणशास्त्र शिकवलं, पण तिला ते कशानं कळतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही."

"उपजत असणार."

"मग तुझ्या आठ जणींना का नाही कळलं? जात तीच, बीज तेच. फरक कुठला?"

शार्दूल हळूच म्हणाला, "पेटी."

"तुझी पेटी कधी उठते?"

"पेटी कशी उठेल मॅडम? एकवीस दिवस कणभर हलत नाही तापमान. त्याच्यासाठीच तर बक्षीस मिळालं मला."

"तेच म्हणते मी. अंड्यातला जीव नुसती ऊब घेत नाही, ऊब देण्याची रीतही घेतो. किती वेळ बसायचं, कधी उठायचं, कधी परतायचं. ऊबस्मृती म्हण हवं तर. तुझ्या कोंबड्या वेड्या नव्हत्या. त्यांची आई, म्हणजे तुझी पेटी, कधीच उठली नव्हती, म्हणून त्याही उठल्या नाहीत."

शार्दूलने काट्यावरच्या कोंबडीचे पंख नीट मिटवले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या नळातून फस्‌फस्‌ आवाज आला. बारा वाजले होते. पाणी आलं होतं. कुमुदिनीबाई सवयीने उठल्या. आधी कूलर बंद केला, मग मोटर लावली. दोन्ही एकदम चालवलं की मुख्य बटण खाली पडून घरभरची वीज जायची.

जाळीत खुडखुड झाली. भुरी उठली होती.

तिने अंग झाडलं, दाणे टिपले, वाटीतलं पाणी प्यायली आणि राखेच्या टोपलीत जाऊन लोळली.

"उठली!" शार्दूल ओरडला. "पण ही का उठली?"

कुमुदिनीबाईंचा हात अजून मोटरच्या बटणावरच होता. "ही मागच्या वर्षीच्या थंडीत या पेटीत होती. तेव्हा कूलर नव्हता, पण पेटी चालू असायची. मोटर लावायची म्हणजे पेटी बंद. रोज बाराला, टाकी भरेपर्यंत."

"म्हणजे मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, पेटी बंद करायची नाही, तरी तुम्ही..."

"आंघोळ काय पेटीनं करायची होती?"

दोघंही हसले. ते हसू फार टिकलं नाही. भुरी घरट्यापाशी आली, अंड्यांना चोच लावून पाहिली आणि मागे सरली. पुन्हा आली, पुन्हा चोच लावली, पुन्हा मागे. ती बसेना.

बाहेर मे महिना होता. कूलर बंद झाल्यापासून गॅलरी भट्टीसारखी तापत चालली होती. शार्दूलने अंड्यांजवळच्या तापवेधकाकडे पाहिलं. "अडतीस. मॅडम, साडेअडतीस झालं. चाळिशीच्या पुढे गेलं की संपलं."

"बसव तिला."

त्याने तिला उचलून घरट्यात बसवलं. ती टुणकन उठली आणि बाहेर येऊन उभी राहिली. वाट पाहत असल्यासारखी.

"एकोणचाळीस," शार्दूलचा आवाज चिरकला. "आधीच्या उठेनात, ही बसेना! काय पाहिजे काय हिला?"

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटले. थंडीतली ती पेटी त्यांनी आठवून पाहिली. मोटर सुरू झाली की पेटी बंद. अंडी निवत जायची, बऱ्यापैकी निवायची, आणि मगच ऊब परत यायची. निवल्याशिवाय ऊब आली, असं एकदाही झालं नव्हतं.

"ती अंडी थंड व्हायची वाट बघतेय," त्या म्हणाल्या. "तिची आई अंडी निवल्यावरच परतायची. आणि इथे ती निवतच नाहीत, उलट तापताहेत."

त्यांनी मोटर बंद केली, कूलरचं तोंड जाळीकडे फिरवलं आणि तो पूर्ण वेगाने सोडला. ओंजळीत पाणी घेऊन घरट्यावर शिंपडलं.

"ओल्या अंड्यांना..." शार्दूल बोलू लागला.

"गप्प बस आणि आकडा सांग."

वरच्या मजल्यावरून इंगळेबाईंची हाक आली. "काकू, मोटर काऊन बंद केली वं? आपल्या दोघींची टाकी अर्धीच हाये!"

"कोंबडीला पटेना!" कुमुदिनीबाई ओरडल्या.

वर खिडकी लागल्याचा आवाज आला.

"अडतीस," शार्दूल म्हणाला. मग "सदतीस." मग बऱ्याच वेळाने "छत्तीस." पस्तीसवर भुरी पुढे झाली, अंड्यांना चोच लावली, पंख फुगवले आणि सावकाश बसली.

तिच्या त्या खेपेत नऊ पिल्लं निघाली. शार्दूलने आपल्या सगळ्या पेट्यांना रोजची रजा द्यायचं ठरवलं, आणि रजेचा नमुना एकच उपलब्ध होता. रोज बाराला बंद, अंडी निवल्यावर चालू. तोच घातला.

काही वर्षांनी, एका दुपारी बाराच्या जरा आधी, त्याने मेळघाटातल्या एका पाड्यावरून पडद्यावर फोन लावला. "मॅडम, बघा हं."

अंगणाअंगणातल्या खुडूक कोंबड्या एकदम उठल्या. बायका सुपं घेऊन बाहेर आल्या आणि अंड्यांना वारा घालू लागल्या. एक म्हातारी पडद्यात डोकावून म्हणाली, "राखपिशीचं असंच असतं बाई. आमच्या आजीच्या वेळेपासून. ती उठली की आम्ही भाकरीला बसतो."

"इथे नळ किती वाजता येतो, विचार त्यांना," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"इथे नळ नाहीच, मॅडम."

फोन ठेवल्यावर त्यांना आईचं अंगण आठवलं. चारच्या सुमाराला घरात काहीच नसायचं. ना पाणी, ना स्वयंपाक, ना कुणाची ये-जा. तरी कोंबडी चारलाच उठायची. कधीकाळी, कुणाच्या तरी घरात, त्या वेळी काहीतरी होत असणार. कुणीतरी तिला रोज उठवत असणार.

अकोल्यात आता चोवीस तास पाणी होतं. मोटर काढून टाकूनही दोन वर्षं झाली होती. बारा वाजून गेले होते. आपण खुर्चीतून कधी उठलो आणि भिंतीवरच्या त्या रिकाम्या बटणावर हात ठेवून कधीपासून उभ्या आहोत, हे कुमुदिनीबाईंना सांगता आलं नसतं.