लुआननं न पाळलेलं सुतक

दिवा राहू द्या रे. आणि आर्बेन, तू दात काढू नकोस. लुआनला मी चांगला ओळखतो. आपल्याच अल्बानियाचा, श्कोदर गावचा. नावेतून इटलीत उतरला तेव्हा अंगावर थोरल्या भावाचा कोट होता. पण गळा असा, की इथं पार्मात ऑपेराला आलेले लोक उभं राहून टाळ्या पिटायचे.

चौदा जानेवारी, मंगळवारची रात्र. प्रयोग संपवून लुआन घरी पोचला, तर किल्ल्या रंगपटातच राहिलेल्या. चरफडत परत फिरला.

थिएटरचा रखवालदार एत्तोरे दारातच भेटला. "बरं झालं आलात साहेब. तुमच्या आई वर गॅलरीत बसल्यात."

लुआननं गावभर सांगून ठेवलं होतं, आई पियानो शिकवायची, केव्हाच वारली. खरी आई शाळेत झाडलोट करायची. एकदा डोक्याला फडकं बांधून ती थिएटरच्या दाराशी आली, तर या पठ्ठ्यानं ओळख करून दिली, "आमच्याकडची जुनी मोलकरीण." म्हातारी नुसती हसली आणि रात्रीच्या बसनं परत गेली.

नाताळात ती खरोखरच गेली. फोन आला तेव्हा हा तोंडाला रंग लावत होता. रडणार कुठल्या तोंडानं? जगाच्या लेखी ती आधीच मेलेली! त्या रात्रीही तो गायला. मातीलाही गेला नाही. शरमेनं आतल्या आत जळत राहिला.

"माझी आई... वारली," लुआन म्हणाला.

"त्याही तेच म्हणाल्या. 'पोरगा सांगेल, मेली म्हणून. त्याला खोटं पाडू नका. मी थांबते.'"

लुआन जिना चढला. वर काळोख. रिकाम्या खुर्च्या.

"आई?"

...

"आई, चुकलो गं..."

...

मग तो कठड्यावरून खाली ओरडला. सगळं थिएटर घुमलं.

"एत्तोरे! ती माझी आई! झाडू मारायची! माझी आई!"

मागं एक खुर्ची कुरकुरली. कुणी उठावं तशी.

मग... काही नाही.

कठड्यावर कॉफीचा छोटा कप. वाफाळता. खालचा बार तर कधीच बंद झालेला. लुआननं घोट घेतला. कडूजहर. बिनसाखरेची. मयताच्या घरी आलेल्याला आपण देतो ना, ती.

लेकानं सुतक पाळलं नाही, म्हणून तिनंच...

कप लुआनच्या कपाटात आहे. मी हातात घेऊन पाहिलाय. वर्षं लोटली.

तळाचा गाळ अजून ओला आहे.