पोरगी गप्प बसते

"गोष्ट अशी आहे, बाई," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "एक गडी आहे. खाणीत काम करते. रोज संध्याकाळी थांब्यावर एका पोरीले पाहते..."

"मग?"

"मग... बस येते. पोरगी जाते."

"एवढंच?"

"रोज जाते, बाई."

मला हसू आलं. साल ब्याऐंशी. नागपूरची काही मंडळी खाणकामगारांवर दहा मिनिटांचा लघुपट काढणार होती आणि गोष्ट त्यांना कामगारांकडूनच हवी होती. दर रविवारी ज्याला सुचेल त्यानं खाणीजवळच्या चिखला गावातल्या शाळेत येऊन गोष्ट सांगायची, मी तिच्यातल्या चुका सांगायच्या, त्यानं दुरुस्त करून पुढच्या रविवारी पुन्हा यायचं. मी भागीरथा, त्या शाळेतली मास्तरीण. चुका काढण्यात माझा हात कोणी धरत नसे.

त्याचं नाव मुरारी. नाव लिहिताना मी वर पाहिलं आणि चमकलेच. थांब्यावर दीड वर्ष मला चोरून बघणारा तो हाच! तेव्हा तोंड मँगनीजच्या धुळीनं काळं असायचं. धुतलेला चेहरा मी ओळखलाच नव्हता. कानामागे थोडं काळं राहिलं होतं. ते पदरानं पुसावंसं वाटलं... वाटू नये, पण वाटलं.

"नुसतं पाहून फिल्म होत नाही," मी म्हणाले. "तुमच्या गड्यानं बोलायला हवं."

बुधवारी थांब्यावर तो पहिल्यांदा बोलला – "आज बस उशिरा आहे, बाई." रविवारी तेच वाक्य त्याच्या गोष्टीत आलं.

"आणि पोरगी काय करते?" मी विचारलं.

"हासते."

"कशी?"

"आता तुम्ही हासून राहिल्या न... तशीच."

मी घाईनं खडू उचलला. "बरं. पण पुढे? खरा गडी असेल तर पोरीच्या बापासमोर जाऊन उभा राहील."

"बाप मानंन काय?"

"गोष्टीतला बाप सांगणाऱ्याच्या हातात असतो!"

काय खूश झाले होते मी त्या वाक्यावर! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या रविवारी गोष्टी निवडायला खाणीच्या कचेरीतले मधुकरराव येऊन बसले. मुरारी सांगू लागला. त्या दिवशी तो माझ्याकडे बघत नव्हता.

"गडी पोरीच्या गावाले गेला. बाप ओसरीवर सुंभ वळून राहिला होता, पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून. मान वर नाही केली त्यानं. म्हणला, जमिनीखाली कमावतेस बाबू, जमिनीवर काय आहे तुह्यापाशी? धानाची एक बांधी तरी आहे काय?"

असा मान खाली घालून सुंभ वळणारा माणूस माझा बाप होता. मुरारी खरंच नाकाडोंगरीला, आमच्या घरी जाऊन आला होता. माझ्या सांगण्यावरून! घरात मला कोणी चकार शब्द सांगितला नव्हता. आई मात्र दोन दिवसांपासून माझ्या साक्षगंधाचं बोलत होती. मुलाच्या घरी पाच एकर धानाच्या बांध्या आहेत म्हणे.

"शेवट नाही सुचून राहिला, बाई," मुरारी म्हणाला. आता त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "पोरगी काय करते, ते तुम्हीच सांगा."

मधुकरराव पेन्सिल घेऊन थांबले होते. 'पोरगी गड्यासोबत जाते' – एवढंच म्हणायचं होतं. जीव तेच ओरडत होता. पण मला बापाची भीती वाटली, गावाची वाटली, समोरच्या त्या पेन्सिलीचीसुद्धा वाटली.

"पोरगी..." मी म्हणाले, "गप्प बसते."

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला.

"वा! शेवट जमला!" मधुकरराव म्हणाले. "अगदी खरा वाटतो."

त्याच गोष्टीचा लघुपट झाला. दुसऱ्या वर्षी खिडक्यांना घोंगड्या लावून भर दुपारी शाळेतच दाखवला. मुरारी तोवर बालाघाटकडच्या खाणीवर निघून गेला होता. माझ्या गळ्यात पाच एकरवाल्याचं मंगळसूत्र होतं. पडद्यावर बस आली, पोरगी खालमानेनं चढली, गडी उभा राहिला.

शेजारी खाणीवर दगड निवडणारी रेवताबाई बसली होती. ती तडकलीच.

"हे पोट्टी बोलत काहून नाही? तोंड शिवलं काय इचं?" मग माझ्याकडे वळली. "बाई, गोष्टीतल्या चुका तुम्हीच काढल्या म्हणे न? मंग हे एवढी मोठी चूक कशी नाही दिसली तुम्हाले?"

मी गप्प बसले.