चोर बागेबाहेर पडेचना!

"कात्री खाली ठेव! बाबांनी अजून पेपर वाचला नाहीये!"

मावसभाऊ ओरडेपर्यंत बातमी कापूनही झाली होती. कात्री चालवणाऱ्या मुलीला सगळे शेपटी म्हणत. पेपरात बोटभर बातमी दिसली, की तिला आपल्या मनाची शेपटी जोडून ही गोष्ट लिहायची. हरवलेला पोपट म्हणू नका, बंद पडलेलं घड्याळ म्हणू नका, तिच्या तावडीतून काही सुटत नसे. मावसभावाचं नाव गोलंदाज, कारण हातात चेंडू नसला तर त्याला जेवण जात नसे.

आजची बातमी होती: 'बागेतील पितळी घंटा चोरीस. माळ्यावर संशय, कामावरून दूर.'

"झकास! काळोखी रात्र, काळा मुखवटा..." शेपटी लिहायला बसणार, तोच दारात चिमणी! माळीकाकांची मुलगी आणि शेपटीची जिवाभावाची मैत्रीण. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"बाबांनी नाही गं चोरली! उद्या बागेतली खोली सोडायला सांगितलंय. आम्ही जायचं कुठे?"

शेपटीचा चेहरा खर्रकन उतरला. आपण कुणाच्या दुःखाला झकास म्हणालो! मग तिने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. "ही गोष्ट मी लिहिणारच. खरा चोर शोधूनच!"

लिहायला लागली खरी, पण चोर बागेबाहेर पडेचना! फिरत्या फाटकातून एकटा माणूस कसाबसा जातो. बादलीएवढी घंटा घेऊन तो तिथेच अडकणार. मोठ्या फाटकाची किल्ली फक्त बागेच्या अधीक्षकांकडे. भिंतीवरून टाकली, तर दणक्याने अख्खी गल्ली जागी!

"चोराला पंख लाव," गोलंदाज म्हणाला.

"गोष्ट असली म्हणून काय झालं? पटायला नको?" बोलता बोलता शेपटी थबकली. "अरे, चोर बाहेर जाऊच शकत नाही. म्हणजे घंटा बागेतच आहे!"

"मग खांबावरून काढली कोणी?" चिमणीने विचारलं.

शेपटीने उरलेला पेपर उलटापालटा केला. आतल्या पानावर अधीक्षक ऐटीत हसत होते: 'बागेतील सर्व खांबांना नवा रंग.'

"सर्व खांबांना! म्हणजे घंटेच्या खांबालाही! रंगवायला घंटा उतरवून सामानाच्या खोलीत ठेवली असणार! एकच गोष्ट दोन पानांवर छापली आणि कुणी जोडून वाचलीच नाही!"

तिघं धावत बागेत पोचली. अधीक्षक सामानाच्या खोलीसमोर चहा पीत बसले होते.

"काका, ही खोली एकदा उघडून बघता का?"

"काही गरज नाही! कुलूप मीच लावलंय. आत नुसते रंगाचे डबे आहेत. मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका. पळा!"

शेपटीने मागे सरून वर पाहिलं. "गोलंदाज, तो झरोका दिसतोय?"

"दिसतोय म्हणजे काय! डोळे मिटून टाकतो!"

पहिला चेंडू भिंतीवर आपटून चिमणीच्या हातात परत आला.

"डोळे उघडून टाक रे बाबा!"

दुसरा मात्र नेमका आत गेला. टण्णऽऽऽ!

फिरायला आलेले सगळे जागच्या जागी थांबले. एक आजोबा काठी टेकत पुढे आले. "साहेब, तुमचे डबे फार गोड वाजतात हो!"

अधीक्षकांचा चहा शर्टावर सांडला. कुलूप उघडलं, तर छताच्या आकड्याला घंटा अजून डुलत होती!

"रंगाऱ्यांना मीच म्हटलं होतं, सगळं उतरवून आत ठेवा..." अधीक्षक पुटपुटले. "कुलूप लावताना आत बघितलंच नाही!"

त्यांनी माळीकाकांना बोलावून सगळ्यांदेखत माफी मागितली. काम परत मिळालं, खोलीही राहिली. बातमी कळताच पेपरचे संपादक स्वतः बागेत आले.

"आमच्या बातमीदाराने जे विचारायला हवं होतं, ते तू विचारलंस," ते शेपटीला म्हणाले. "चूक आम्ही पहिल्या पानावर कबूल करू. आणि शेजारी तुझी गोष्ट छापू!"

संध्याकाळी घंटा खांबावर चढली. माळीकाकांनी दोर शेपटीच्या हातात दिला. "पोरी, शेवट तुझा. तूच वाजव."

शेपटीने चिमणीचा हात ओढून दोरावर ठेवला आणि दोघींनी जोर लावला. घंटा वाजली म्हणजे बाग बंद, आता घरी चला. पण त्या संध्याकाळी कुणी जागचं हललंच नाही!