स्पर्शमोज्यातला हात

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या हिमवेध तळावर माणूस एकच होता, आणि त्या माणसाची करंगळी निळी पडली होती.

शलाका नाईकवडीने ती पडद्यासमोर धरली. "मॅडम, बघा ना. पार वांग्यासारखी झालीय!"

पृथ्वीवरून उत्तर यायला अडीच सेकंद लागत. "अगं, पण तुझा स्पर्शमोजा रोज सांगतोय, रक्तप्रवाह उत्तम, नाडी बहात्तर," डॉ. पोतनीस म्हणाल्या.

"मोजा सांगतोय. करंगळी नाही सांगत."

स्पर्शमोजा ही तळावरची एकुलती एक चैन. करंगळीच्या बाजूचा त्याचा संवेदक शलाकाची नाडी आणि ऊब टिपायचा आणि साताऱ्यात आबांच्या मोज्यात जशीच्या तशी उमटवायचा, त्यांची इकडे. आबांना पडद्यावर बोलायचा भारी कंटाळा. म्हणून बापलेक रोज चहाच्या वेळी दहा मिनिटं नुसते हात धरून बसत. सहा महिन्यांत तिला मिळालेला माणसाचा स्पर्श तेवढाच.

"तळहाताला काही लागलं होतं?"

"मागच्या महिन्यात नमुन्याची नळी निसटून आदळली. सूज उतरली, लागले कामाला. नळीतला बर्फ सुटत नाही हो, आणि हातोडी मारली की तडा जातो. मग इथे कामाला येणारे सगळेच तळहाताने ठोकतात. असं!" तिने करंगळीखालच्या मांसल भागाने हवेत ठोकून दाखवलं.

"नको ठोकूस, बाई! तिथेच हाडाला टेकून रोहिणी जाते, बोटांना रक्त नेणारी. आधी तो मार, वर रोजची ही ठोकाठोक. तिची भिंत फाटून फुगा आला असणार. त्यात रक्त साकळतं आणि गुठळ्या बोटांत जाऊन अडकतात."

"मग मोज्याला..." शलाका थबकली. "खंडपूरक! संदेश तुटला की मोजा आधीच्या सरासरीने जागा भरतो. धरलेला हात मध्येच सुटल्यासारखा वाटू नये म्हणून. रोहिणी बुजली, नाडी मिळेना, तर याला वाटलं संदेशच तुटलाय."

"खरी नोंद कुठली, भरलेली कुठली, कळेल?"

"नाही. दोन्ही सारख्याच दिसतात."

"मला दिवस हवाय, शलाका. गुठळी चौदा दिवसांच्या आतली असेल तर विरघळवायचं औषध देते. जुनी असेल तर ती विरघळायची नाही, उलट दुसरीकडे रक्तस्राव होईल, आणि तिथे तू एकटी. मग बोट काढावं लागेल. बधिर कधी झालं?"

"इथल्या थंडीत सगळीच बोटं कायम बधिर."

तो हात रोज धरणारं माणूस जगात एकच होतं. मॅडमना तसंच जोडलेलं ठेवून तिने साताऱ्याला जोडून घेतलं.

"आबा, माझा हात कधीपासून वेगळा लागतोय?"

अडीच सेकंद गेले.

"आता विचारतेस होय? तू मोजा काढून ठेवलास तेव्हापासून!"

"मी कुठे काढला?"

"मला शेंड्या लावू नकोस. आधी तुझी नाडी कशी, कधी पळायची, कधी रेंगाळायची. एकदम घड्याळच झालं तिचं! म्हटलं, पोरगी कंटाळली, यंत्राला बसवून गेली. मग मीही काढला. कपाटात आहे."

शलाकाला वाटलं होतं, आबांची तब्येत सुधारली, म्हणून ठोके इतके शांत. काल चहाच्या वेळी ज्या उबदार हातात हात ठेवून ती रडली होती, तो साताऱ्याच्या कपाटात घडी करून ठेवलेला होता.

"नाडीचं घड्याळ कुठल्या दिवशी झालं, आबा?"

"विसरेन होय? आजचा सतरावा."

"सतरा," डॉ. पोतनीस पुटपुटल्या आणि त्यांनी औषधाचं नाव खोडलं.

"काय गं? सतराचं काय?" आबांनी विचारलं.

"काही नाही. मोजा घाला ना, आबा. आत्ता."

कपाटाचं दार वाजलं. तिने आपलाही हात मोज्यात सरकवला. तीच ऊब, तेच एकसारखे ठोके; आबांचे की खंडपूरकाचे, कळेना.

"घातला बघ. लागतोय का माझा हात?"

"लागतोय," शलाका म्हणाली, आणि ठोका चुकायची वाट बघत बसली.