खोकला रेंगाळतो

"आई, जरा बाजूला व्हा."

मुलांच्या वॉर्डातला डॉक्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलला, ते हे असं. आधीच माझा जीव टांगणीला लागलेला, त्यात हे!

"मी आई नाही, मावशी आहे," मी फणकारले. "याची आई… माझी ताई… बाळंतपणात गेली."

त्यानं स्टेथोस्कोप तळव्यात घासून गरम केला आणि बाळाच्या छातीला लावला. दर श्वासाला बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"सर्दी छातीत उतरलीये. बारीक श्वासनलिका सुजल्यात. ऑक्सिजन लावू, नाक मोकळं ठेवू, दूध थोडं थोडं देऊ. बाकी… बघत बसायचं."

"बघत बसायचं? अहो, छातीचा फोटो काढा, वाफ द्या, अँटिबायोटिक द्या… काहीतरी करा की!"

"यात त्याचा उपयोग नसतो, मावशी. बाळाला उगाच त्रास. उपयोग असता तर तुम्ही भांडायच्या आत दिलं असतं."

मला हा माणूस मुळीच आवडला नाही. पण मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात कसे सोडायचे, ते त्यानंच शिकवलं. पहिला थेंब बाळाच्या गालावर पडला, तेव्हा खालून हलकेच माझं बोट धरलं. आणि बघत बसायचं म्हणाला, तर खरंच बसला — स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत, खाटेजवळच्या स्टुलावर, बाळाच्या पोटाकडे डोळे लावून. बाळानं वाटीभर दूध संपवून ढेकर दिली, तेव्हा आम्ही दोघं एकदमच हसलो… आणि नजर काढून घ्यायला दोघांनाही जरा उशीर झाला.

घरी सोडताना म्हणाला, "खोकला रेंगाळतो काही दिवस. घाबरू नका. पण… पुढच्या आठवड्यात दाखवायला आणा."

सिस्टरनी मला जिन्यातच गाठलं. "अगं, हे डॉक्टर कुणाला उगाच बोलवत नाहीत. 'गरज नाही, येऊ नका' असं तोंडावर सांगतात. तुला बरं बोलावलं!"

मी गेले. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेले. खोकला केव्हाच पळाला होता.

"खोकतो अजून?"

"अं… एकदा. म्हणजे, मला वाटलं तसं."

"मग पुन्हा ऐकायला हवं," तो गालातल्या गालात हसायचा. "आणा."

दर वेळी वाटायचं, आज बोलेल.

बाळाच्या वडिलांची, भावोजींची, बदली झाली होती. बाळ त्यांच्याबरोबर जाणार होतं. भला माणूस, अबोल. एकदा खाली मान घालून म्हणाले, "बाळाला तू हवीस. लग्न करून आलीस तर… पण मनात कुणी असेल तर सांग." मनात होतं हो! पण त्यानं कुठे काही विचारलं होतं? मी दवाखान्यात जाऊन सांगितलं, बाळ लांब चाललंय. आणि थांबले. तो बाळाची छाती कितीतरी वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "प्रवासात जपा."

घरी येऊन मी पोटभर रडले आणि भावोजींना होकार दिला.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटची गेले.

"खोकला?"

"नाही," पहिल्यांदाच खरं बोलले. "मी भावोजींशी लग्न करतेय. बाळासाठी."

त्यानं कानातून स्टेथोस्कोप काढला. "मला वाटलं… ताई जाऊन किती दिवस झालेत, घाई नको. म्हणून… बघत बसलो."

"सगळ्याच दुखण्यांना ते लागू पडत नाही, डॉक्टर. एकदा विचारलं असतंत तर…"

"तर?"

"हो म्हटलं असतं."

बाळानं स्टेथोस्कोपची नळी मुठीत घट्ट पकडली होती. आम्ही दोघांनी मिळून ती बोटं सोडवली. दोघांनाही घाई नव्हती.

"पुन्हा… कधी दाखवायला आणू?" मला राहवलं नाही.

एवढंसं खोटं त्याला सहज बोलता आलं असतं.

"आता गरज नाही." त्यानं दार उघडून धरलं. "जपून जा… आई."

या वेळी मी फणकारले नाही.