तीन वर्तुळं जिथे मिळाली

कोयनेच्या जलाशयाकाठी डोंगराच्या पोटाशी जांभूळमाची नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेतल्या मुलांना भूकंपाचं फारसं अप्रूप नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी जमीन जराशी थरथरायची, खिडक्यांची तावदानं वाजायची आणि मुलं सवयीने बाकाखाली शिरून डोक्यावर हात धरायची. पाच-दहा सेकंदांत सगळं शांत झालं की धडा जिथे थांबला होता तिथून पुन्हा सुरू व्हायचा.

म्हणूनच त्या शुक्रवारी सातवीतल्या केतकी शेलारला कोडं पडलं. मधल्या सुट्टीनंतर एक धक्का बसला, तोही अगदी किरकोळ. सगळी मुलं बाकाखालून बाहेर आली, पण तिच्या शेजारी बसणारी तेजल झोरे बाहेर आली नाही. ती गुडघ्यांत मान घालून बसली होती आणि जमीन थांबली तरी तिचे खांदे थांबले नव्हते.

तेजल म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाड्यातली मुलगी. वाटेत बिबट्याच्या पावलांचे ठसे दिसले, तर पळून न जाता वाकून वितीने ते मोजणारी. अशी मुलगी एवढ्याशा धक्क्याला का घाबरली?

वर्गात मुलांना अभ्यासात मदत करणारा आणि त्यांच्या नोंदी ठेवणारा पिंगळा नावाचा यंत्रमानव होता. त्याच्या मोठ्या गोल डोळ्यांमुळे मुलांनीच त्याला ते नाव दिलं होतं. तो चाकांवरून हळूच तेजलजवळ गेला, त्याने डोळ्यांतला प्रकाश मंद केला आणि तिच्याबरोबर श्वास मोजत बसला. दहा मिनिटांनी ती बाहेर आली आणि कुणाकडे न बघता वही उघडून बसली.

शाळा सुटायच्या वेळी केतकीने पिंगळ्याला गाठलं.

"तिला कशाचा तरी त्रास होतोय, एवढं माझ्या नोंदींवरून वाटतं," पिंगळा म्हणाला. "कशाचा, ते मला कळलेलं नाही. आणि त्या नोंदी तेजलला विचारल्याशिवाय मी तुला दाखवणार नाही."

केतकीला राग आला. पण आपल्याविषयीच्या नोंदी त्याने दुसऱ्या कुणाला दाखवल्या असत्या तर आपल्याला आवडलं असतं का, असा विचार मनात आला आणि तिने तो हट्ट सोडला. तिने तेजललाच विचारलं, काय झालंय तुला? तेजल म्हणाली, कुठं काय. केतकीने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तेजल दप्तर उचलून चालू लागली.

सोमवारी मुजावरकाका शाळेत आले. शाळेच्या मागच्या खोलीत भूकंपमापक (जमिनीची थरथर नोंदवणारं यंत्र) बसवलेलं होतं आणि वेधशाळेतले शास्त्रज्ञ या नात्याने मुजावरकाका त्याची देखभाल करत. आकडे आपोआप वेधशाळेत पोहोचत असले, तरी प्रत्येक धक्क्यानंतर ते स्वतः येऊन यंत्राचा पाया तपासायचे आणि जाता जाता मुलांशी गप्पा मारायचे. त्या दिवशी त्यांनी पडद्यावर शुक्रवारची नोंद दाखवली. एक सरळ रेघ होती. मग ती बारीक थरथरू लागली होती आणि थोड्या वेळाने एकदम जोरात.

"भूकंप झाला की जमिनीतून दोन प्रकारच्या लहरी एकाच वेळी निघतात," काका म्हणाले. "प्राथमिक लहरी (सर्वांत वेगाने धावणाऱ्या) आधी पोहोचतात, दुय्यम लहरी (त्यांच्यामागून हळू येणाऱ्या, पण जास्त हादरवणाऱ्या) नंतर. दोन मुली एकाच ठिकाणाहून पळत सुटल्या, एक चपळ आणि एक सावकाश, तर अंतर जितकं जास्त तितकी दुसरी जास्त मागे पडणार, हो ना? इथे दुसरी तीन सेकंद मागे पडली. त्यावरून ढोबळ हिशेब केला, तर धक्का साधारण चोवीस किलोमीटरवर बसला."

केतकीने विचारलं, म्हणजे नक्की कुठे?

काकांनी नकाशा पसरला. कंपासचं टोक शाळेवर ठेवून त्यांनी चोवीस किलोमीटरच्या मापाचं वर्तुळ काढलं आणि तिलाच विचारलं, तू सांग. केतकीने वर्तुळावरून बोट फिरवलं. वर्तुळावरची कुठलीही जागा असू शकत होती. उत्तरेला, दक्षिणेला, पाण्याखाली, कुठेही. यंत्र चांगलं होतं, त्याची नोंद बरोबर होती, तरी एकट्याला फक्त किती लांब एवढंच कळत होतं.

मग काकांनी दुसऱ्या गावच्या केंद्राची नोंद घेऊन त्याभोवती दुसरं वर्तुळ काढलं. दोन वर्तुळांनी एकमेकांना दोन ठिकाणी छेदलं. अजून दोन जागा शिल्लक होत्या. तिसऱ्या केंद्राभोवतीचं वर्तुळ मात्र त्यांतल्या एकाच जागेतून गेलं. त्या जागेवर काकांनी लाल टिंब काढलं आणि सांगितलं की हेच अपिकेंद्र (भूकंपाच्या उगमाच्या बरोबर वरचा जमिनीवरचा बिंदू). कमीत कमी तीन केंद्रं हवीत आणि त्यांनी एकमेकांना आपली नोंद सांगायला हवी, तेव्हा कुठे जागा सापडते.

मुलं पांगली, पण केतकी नकाशासमोरून हलेना. तिच्या डोळ्यांसमोर पिंगळा होता. कशाचा तरी त्रास होतोय, कशाचा ते कळलेलं नाही, असं तोही म्हणाला होता. त्याच्याकडेही एकच वर्तुळ होतं.

ती थेट मुख्याध्यापिका सुर्वेबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तेजलला बोलावलं. तुला रोज भेटणाऱ्या दोन-तीन मोठ्या माणसांना आम्ही विचारलं तर चालेल का, पिंगळ्याने त्याची नोंद फक्त त्यांनाच दाखवली तर चालेल का, असं त्यांनी तिला विचारलं. जे सांगावंसं वाटणार नाही ते सांगायचं नाही, हेही बजावलं. तेजलने मान डोलावली आणि म्हणाली, केतकी पण असू दे.

बुधवारी शाळेच्या वाचनालयात बाई, केतकी, पिंगळा, उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका शालनताई गुरव आणि रोपवेचे चालक दगडूमामा कदम बसले. मुजावरकाकांनाही बाईंनी तेजलला विचारून बोलावलं होतं. डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांना जोडणारा हा सौरऊर्जेवरचा रोपवे (तारेवरून सरकणारा पाळणा) नवीनच झाला होता आणि तेजल त्यानेच ये-जा करायची.

पिंगळा म्हणाला की दोन महिन्यांपासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर तेजलचं लक्ष लागत नाही. मंगळवारी गणिताची चाचणी असते, म्हणून त्याने गणिताला बोल लावला होता. शालनताई म्हणाल्या की ती पोट दुखतंय म्हणून पाच-सहा वेळा आली. तपासलं तर पोटाला काही झालेलं नव्हतं. आवळे-चिंचा खात असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी वही चाळली, तर सगळे वार मंगळवार आणि शुक्रवार निघाले. दिवाळीच्या सुट्टीत मात्र एकदाही नाही.

दगडूमामा हातातली टोपी फिरवत होते. शेवटी ते म्हणाले की ही पोर कधी कधी साडेपाचचा पाळणा सोडून देते आणि तासभर फलाटावर बसून पुढच्या पाळण्याने जाते. मैत्रिणीची वाट बघत असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं. बाईंनी विचारलं, कुठल्या वारी? मामांनी बोटांवर मोजलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्याच दोन दिवशी साडेपाचच्या पाळण्यात वरच्या वाडीची अकरावीतली तीन मुलं असायची, पाटणहून क्लास करून परतणारी.

पिंगळा, ताई आणि मामा, तिघांनाही काहीतरी दिसलं होतं आणि प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने ती रिकामी जागा भरून टाकली होती.

दगडूमामा त्या मुलांना आत्ताच्या आत्ता जाब विचारायला उठले. मुजावरकाकांनी त्यांना बसवलं.

"जमिनीला आम्ही विचारू शकत नाही, म्हणून वर्तुळं काढून थांबतो," ते म्हणाले. "इथे विचारता येतं. आधी तिला विचारा."

दुसऱ्या दिवशी शालनताई उपकेंद्राच्या पायरीवर तेजलजवळ बसल्या. तेजलच्या दुसऱ्या बाजूला केतकी होती. काय झालंय, असं ताईंनी विचारलंच नाही.

"साडेपाचच्या पाळण्यात काही होतं का गं?" एवढंच त्या म्हणाल्या.

तेजलने आधी पायरीवरचा खडा उचलला, मग ठेवला.

"ते पाळणा हलवतात," ती म्हणाली. "दोघं दोन बाजूंनी. भूकंप आला म्हणतात. खाली दरी असते. मी रडले त्याचं त्यांनी शूटिंग केलंय आणि कुणाला सांगितलंस तर सगळ्या गावाला पाठवू म्हणतात."

हे बोलायला तिला दोन महिने लागले होते, आणि बोलून झालं तेव्हा सावली पायरीवरून बोटभरही सरकली नव्हती. काय झालंय हा प्रश्न फार मोठा होता, त्याचं उत्तर कुठून सुरू करायचं हेच तिला कळत नव्हतं. जागा सापडल्यामुळे प्रश्न लहान झाला होता. हे केतकीला तिथेच, पायरीवर बसल्या बसल्या समजलं.

शुक्रवारच्या धक्क्याचं कोडंही ताईंनी सोडवलं. आपल्या मेंदूत धोका ओळखणारा एक छोटा भाग असतो, त्या म्हणाल्या. त्याला पुन्हा पुन्हा घाबरवलं की तो इतका सावध होतो की जरासं हललं तरी सगळ्या शरीराला पळ म्हणून सांगतो. तेव्हा छाती धडधडते, पोटात कळ येते. यात भित्रेपणा नाही. तो भाग आपलं काम जरा जास्तच करत असतो आणि सुरक्षित वाटू लागलं की हळूहळू शांत होतो.

पुढच्या गोष्टी मोठ्यांनी केल्या. तिन्ही मुलांना आईवडिलांसह शाळेत बोलावलं. आम्ही गंमत करत होतो, असं ती मुलं आधी म्हणाली. सुर्वेबाईंनी तेजलला विचारून मुलांच्या फोनमधलं ते चित्रण आवाज बंद करून त्यांच्याच आईवडिलांना दाखवलं. त्यानंतर गंमत हा शब्द कुणी काढला नाही. चित्रण तेजलसमोर पुसून टाकलं गेलं आणि कुठे पाठवलेलं नाही याची पिंगळ्याने खात्री करून घेतली. त्या तिघांतला एकजण महिन्याभराने एकटाच येऊन तेजलची माफी मागून गेला. बाकीच्या दोघांनी लिहून दिलेली माफी तिने वाचली नाही, आणि वाच असं तिला कुणी म्हटलंही नाही.

तरीही तेजल लगेच एकटी पाळण्यात बसली नाही. पहिले चार दिवस शालनताई तिच्याबरोबर वरपर्यंत गेल्या. मग दगडूमामांची बायको गेली, मग केतकी. पंधरा दिवसांतून एकदा तालुक्याहून समुपदेशक (मनातला गुंता ऐकून तो सोडवायला मदत करणारी व्यक्ती) शाळेत येऊ लागल्या. पाळण्यात मुलांच्या हाताला येईल असं मदतीचं बटण बसलं. आणि दर बुधवारी शाळा, उपकेंद्र नि रोपवे यांची माणसं वाचनालयात अर्धा तास भेटू लागली. नियम एकच होता. ज्या मुलाविषयी बोलायचं, त्याला आधी सांगायचं.

फेब्रुवारीत मुजावरकाका पुन्हा आले, तेव्हा तेजलने त्यांना विचारलं की भूकंप व्हायच्या आधीच तो कळेल असं यंत्र कधी होईल. काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की अजून तसं कुणालाच जमलेलं नाही, कदाचित तुमच्यातल्या कुणाला जमेल.

"माणसांचं मात्र बऱ्याचदा आधी कळू शकतं," ते म्हणाले. "लहरी रोज येतच असतात. नोंद ठेवायला आणि एकमेकांना सांगायला माणसं हवीत."

त्याच आठवड्यात दगडूमामांनी दुसरीतल्या अन्वीला आधी सांगून बैठकीत विषय काढला की ती तीन दिवसांपासून पाळण्यात एकदम गप्प असते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई म्हणाल्या, ताटातलं अर्धं टाकते. सगळ्यांचे चेहरे गंभीर झाले. अन्वीला विचारायचं काम आता बैठकीला येणाऱ्या तेजलने मागून घेतलं. ती मैदानात अन्वीसमोर उकिडवी बसली आणि जेवताना काही होतं का, असं विचारलं.

अन्वीने तोंड उघडून बोट दाखवलं. खालचा दुधाचा दात हलत होता आणि तो पडला तर बोलता येणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

तेजलने तिला आपले सगळे दात दाखवले. हे पुढचे सगळे एकदा पडून पुन्हा आलेत आणि मी तर चांगली बोलते, असं ती म्हणाली. मग दोघी मिळून केतकीच्या डब्यातलं थालीपीठ खायला गेल्या, अन्वी एका बाजूने चावत.